आजोबांची पद्मिनी

जुनी गाडी दुरुस्त करतोय असं ऑफिसात कुणालाही सांगितलं की तीन प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते? स्पेअर कुठे मिळतात? आणि एवढ्या पैशात जुनी स्विफ्ट नसती का आली? उत्तरं आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं बोलता येईल. ॲव्हरेज १० च्या आसपास. स्पेअर मिळतात, ते कसे ते पुढे येईलच. आणि हो, आली असती.

तर गाडी म्हणजे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची. अण्णा कराडला वकिली करायचे. मारुती ८०० येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि घरात सगळ्यांना तीच हवी होती, पण अण्णांचं म्हणणं असं की वकिलानं टोपी घालून गाडीत बसल्यावर टोपी छताला लागता कामा नये. झालं, पद्मिनी आली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, ब्रेकला चारही चाकांना ड्रम, आणि पुढे सलग सोफ्यासारखं सीट. त्या सीटवर अण्णा, आजी आणि मध्ये मी अशी माझी पहिली आठवण आहे. २००९ पर्यंत ती चालली. मग अण्णांचे डोळे अधू झाले आणि गाडी वाड्याच्या मागच्या शेडात जाऊन उभी राहिली. २०१२ ला अण्णा गेले. त्यानंतर तिच्या टपावर क्रमाक्रमानं जुने पाट, गणपतीचं मखर, एक मोडका टेबलफॅन आणि सरपण चढत गेलं.

एक गंमत सांगतो. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात चार वर्षं काढली त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, हे मला समजलं कधी, तर ह्या गाडीबद्दल वाचायला घेतल्यावर. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटकडून लायसन्स घेऊन गाड्या बनायच्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. म्हणजे १९८७ ची आमची गाडी जन्मली तेव्हाच डिझाइननं पंचविशी गाठलेली होती. आमच्या क्षेत्रात ह्याला लेगसी सिस्टीम म्हणतात. फरक एवढाच की हिचं बॉनेट उघडल्यावर आत काय चाललंय ते दिसतं.

आता खरा गुंता. गाडी कुणाची?

अण्णा गेल्यावर वर्षभरात वाड्याची वाटणी झाली. वाटणीत भांडी मोजली, झोपाळा मोजला, विहिरीचं पाणी कुणी कुठल्या वारी घ्यायचं तेसुद्धा लिहिलं. गाडी कुणी लिहिलीच नाही. वाटणीच्या कागदावर सही करताना बाबा आणि काका शेवटचं बोलले. काका राहतात ओगलेवाडीला, वाड्यापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. आम्ही पुण्यात. आत्या कराडशेजारच्या मलकापूरला. लग्नकार्यात दोघे भाऊ एकमेकांना टाळून जेवायला बसायचे आणि आत्या दोन्ही पंगतींत वाढायची. कारण विचाराल तर बाबांचं एक, काकांचं दुसरं, आणि मला दोन्ही पटत नाहीत. असो.

२०२३ च्या गणपतीत वाड्यावर गेलो तेव्हा शेजारचे म्हणाले, भंगारवाला येऊन गेला, गाडीचे १८ हजार देतो म्हणाला. बाबा लगेच 'देऊन टाकू' म्हणाले. मी म्हटलं, मला वर्षभर द्या. बाबा म्हणाले, तुला पंक्चर तरी काढता येतं का? बाबांचं चूक नव्हतं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण लोखंडाला हात लागला तो फक्त पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये, फायलिंगचा जॉब करताना.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मला गाडी 'रिस्टोअर' करायची नव्हती. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील : धुळीनं भरलेली गाडी, मागे पियानो, मग प्रेशर वॉशर, मग चकचकीत रंग, दहा मिनिटांत खल्लास. बघायला मलाही आवडतात. पण त्यात ब्रेकचं काम पाच सेकंद आणि पॉलिशचं चार मिनिटं असतं. मला गाडी रस्त्यावर न्यायची होती. म्हणजे ती सुटली पाहिजे, वळली पाहिजे, थांबली पाहिजे, रात्री दिसली पाहिजे, आणि पोलिसानं अडवलं तर कागद दाखवता आले पाहिजेत. रंग आजही जुनाच आहे. डाव्या दारावर काकांनी १९९३ साली मारलेला ओरखडासुद्धा आहे. (साल घरात सगळ्यांना पाठ आहे.)

कराडच्या जुन्या स्टँडच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, सत्तरीचे. अण्णांची गाडी त्यांच्याच हाताखाली वाढलेली. त्यांना वाड्यावर घेऊन आलो. मला वाटलं आधी बॉनेट उघडतील. ते सरळ जमिनीवर आडवे झाले, चाकाच्या आतून बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "इंजिनेरसाहेब, इंजान काय, कवाबी चालू हुतंय. आधी थांबायचं बघू." दर शुक्रवारी रात्री पुणे-कराड १६० किलोमीटर आणि रविवारी रात्री परत, हा माझा पुढच्या दीड वर्षाचा कार्यक्रम त्या बोटानं ठरवला.

ब्रेकचं असं असतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल पाइपांतून चारही चाकांपर्यंत जातं, तिथले छोटे व्हील सिलिंडर ब्रेकशूला ढकलतात आणि शू ड्रमला घासतात. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी चालवत असाल आणि दर दोनेक वर्षांनी ते बदलत असाल तर काही बिघडत नाही. पण चौदा वर्षं उभ्या गाडीत त्या ओलीनं सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन जागच्या जागी चिकटून बसतो. आमचे चारपैकी तीन असे बसले होते. एक तर हातोडीनं ठोकून काढताना फुटलाच. सगळे नवे टाकले, मास्टर सिलिंडरचं किट बदललं, ड्रम लेथवर फिरवून घेतले, शूंना नवे लायनर मारले, लोखंडी पाइप नवे करून घेतले.

रबरी होज मात्र बाहेरून छान दिसत होते. मी म्हटलं, हे राहू देत? मिस्त्रींनी एक होज चाकूनं उभा चिरून दाखवला. आतलं रबर फुगून भोक सुईएवढं राहिलेलं. अशा होजमधून जोरात दाबलेलं ऑइल चाकाकडे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला वाट नसते. म्हणजे ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. उतारावर एकच चाक धरून राहिलं तर काय होईल ह्याची कल्पना करा. त्या दिवसापासून 'बाहेरून चांगलं दिसतंय' हे वाक्य मी ऑफिसच्या कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा ऐकून घेत नाही.

टायरची नक्षी शाबूत होती, पण टायरवर चार आकडे छापलेले असतात ते पाहावेत. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आमच्यावर २३०७, म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पाचही टायर गेले.

मग पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली आणि खाली शेडातली जमीन दिसली. कार्टून नेटवर्कवरची फ्लिंटस्टोन्सची गाडी आठवते का? तशी. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून झिरपून मॅटखाली साठत राहिलं आणि पत्रा खालून नाही, आतून सडला. डेंटर म्हणाला, वर लांबी भरून देतो, कळणारसुद्धा नाही. जुन्या गाड्यांची निम्मी फसवणूक ह्या 'कळणारसुद्धा नाही' मध्ये असते. लांबी म्हणजे शेवटी पुट्टी. खड्डा झाकते, वजन पेलत नाही. ह्या गाडीला वेगळी मजबूत चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची ताकद. त्यामुळे सडका पत्रा कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, नवा तुकडा वेल्ड करायचा आणि मग खालून गंजरोधक मारायचं. ह्यात दोन महिने आणि सगळ्यात जास्त पैसे गेले, आणि गाडी बाहेरून बघणाऱ्याला ह्यातलं काहीही दिसत नाही.

स्पेअरसाठी पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड असे दोन्ही पालथे घातले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती. २० वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरांत भावुक लेख येत होते आणि मी कुर्ल्यात एका दुकानाच्या पोटमाळ्यावर डिस्ट्रिब्युटर कॅप शोधत होतो. दुकानदार म्हणाला, टॅक्सी होत्या तोवर रोज चार गिऱ्हाइकं यायची, आता तुझ्यासारखी महिन्यात चार येतात, पण घासाघीस करत नाहीत. हे ऐकल्यावर अर्थातच मी घासाघीस केली. पन्नास रुपये सुटले.

इंजिन. इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून थेट सेल्फ मारायचा नाही, हे पहिलं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. आम्ही चारही प्लग काढले, आत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि आठवडाभर विसरून गेलो. पुढच्या शनिवारी गाडी चौथ्या गिअरला टाकून मी आणि शेजारचा पोरगा हळूहळू पुढे-मागे ढकलत राहिलो. चाकं फिरली की इंजिन फिरायला बघतं. पंधरा मिनिटं काही नाही. मग 'च्च' असा आवाज झाला आणि फॅन इंचभर हलला. ऑफिसात प्रॉडक्शनला मोठं रिलीज गेल्यावरसुद्धा मला इतका आनंद झालेला नाही.

जुनं इंजिन ऑइल काढून नवं भरलं. पेट्रोलच्या टाकीला वार्निशचा वास येत होता. ती उतरवून रेडिएटरवाल्याकडे धुवायला दिली आणि तोवर कार्ब्युरेटरला बाटलीतून पेट्रोल दिलं. मिस्त्री ह्याला 'सलाइन' म्हणतात. सगळं तयार. सेल्फ मारला. इंजिन गरागरा फिरलं, पण पेटेना. प्लगला ठिणगीच नाही.

आता हे माझं क्षेत्र. मिस्त्रींना वायरिंगचा कंटाळा, मला त्यातच मजा. मल्टिमीटर घेऊन बसलो. किल्लीच्या स्विचमधून १२ व्होल्ट बाहेर पडत होते आणि इग्निशन कॉइलला शून्य पोचत होते. मध्ये वायर डॅशबोर्डमागच्या जुडग्यात शिरायची आणि तिथे तिचा रंग बदलायचा. शिरली निळी, बाहेर आली लाल. म्हणजे मध्ये कुणीतरी काहीतरी जोडलेलं. कुठे, का, काही पत्ता नाही. डॉक्युमेंटेशन नाही, आणि कोड लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. दोन वीकएंड शोधून शेवटी स्विचपासून कॉइलपर्यंत बाहेरून एक तात्पुरती वायर टाकली, पॉइंटचा गॅप लावला, कंडेन्सर बदलला. पहिल्या सेल्फला खोकली, दुसऱ्याला पेटली. शेड पांढऱ्या धुरानं भरलं आणि सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घरटं उडून बाहेर पडलं. बाबा फोनवर होते. त्यांना फक्त आवाज ऐकवला. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी माझ्याबरोबर कराडला आले.

(पुढे तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी निघालं, हेड उघडलं, व्हॉल्व्ह घासले, गॅस्केट बदललं, ही सगळी रामायणं आहेत. एकच सांगतो : हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतू नका, कूलंट वापरा. आणि हल्ली पंपांवर जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा ह्यासाठी बनलेले नाहीत. ते मऊ पडून गळतात, आणि गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल सोसणारे पाइप मिळतात, काही शे रुपयांचं काम आहे. गाडी रंगवायच्या आधी ते करा.)

गाडी चालू झाली, पण कायद्यानं ती जिवंत नव्हती. रजिस्ट्रेशन २०१२ सालीच संपलेलं, आणि आरसीवर नाव अण्णांचं. १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दिल्ली परिसरासाठी कोर्टानं घातलेली वयाची मर्यादा वेगळी; इकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्यासाठी फॉर्म २५. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. आणि त्याच्याबरोबर बाकीच्या वारसांची ना हरकत. म्हणजे काकांची सही.

बाबा म्हणाले, मी जाणार नाही. मग मी गेलो. काकूनं पोहे केले. काकांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "गाडी बघितल्याशिवाय सही करणार नाही." मला वाटलं आता हिशेब निघणार. मी बाबांचं नाव न घेता म्हटलं, रविवारी या.

रविवारी काका आले. बाबा शेडात होते; मिस्त्रींचा पोरगा गावच्या यात्रेला गेल्यामुळे ब्रेकची हवा काढायचं काम अडलं होतं. काका बाबांकडे न बघता थेट बॉनेटपाशी गेले. माझी बाहेरून टाकलेली वायर बघितली. "हे काय लोंबतंय?" मी वायरिंगची सगळी कथा सांगितली. काका हसायला लागले. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, काहीतरी चाचपडलं, आणि 'टक्' असा आवाज आला. "आता काढ तुझी वायर." त्यांनी १९९१ साली बसवलेलं चोरबटण! स्टँडजवळून गाड्या चोरीला जात होत्या म्हणून. अण्णांना आणि त्यांनाच माहीत. सीटच्या स्प्रिंगांच्या मागे, गालिच्याखालून नेलेली वायर, आणि तीस वर्षांनंतरही एकही जोड सैल नाही. मी वायर काढली, किल्ली फिरवली, गाडी चालू.

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम आहे. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन निपल सैल करायचा. हवेचे बुडबुडे आणि ऑइल बाहेर येतं, निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे मागचं डावं. मिस्त्रींनी दोघांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी ऑइलचा डबा धरा, वरनं भरत ऱ्हावा." त्यांनी हे मुद्दाम केलं का, मी कधी विचारलं नाही. बाबा आत बसले. काका मागच्या चाकाशी पोत्यावर आडवे झाले.

"दाब."

"दाबलंय."

"धर. ... सोड."

चार चाकं, प्रत्येकाला पंधरा-वीस वेळा. दीड तास दोघे ह्या तीन शब्दांपलीकडे काही बोलले नाहीत. तिसऱ्या चाकाला काका म्हणाले, "अरे, सोड म्हटल्यावर सोड, आधी नको." बाबा म्हणाले, "आधी नाही सोडला, दादा." मग परत दाब, धर, सोड. शेवटी पेडल वर आलं आणि दगडासारखं घट्ट झालं. सगळ्यांनी चहा घेतला. वाटणीचा विषय निघाला नाही. आजपर्यंत निघालेला नाही, आणि दोघांच्या मनात तो मिटलाय असंही मला वाटत नाही.

सहीचा प्रश्न वेगळ्याच कारणानं अडला. बाबा म्हणाले, गाडी दादाच्या नावावर करा, तो इथे जवळ आहे. काका म्हणाले, पैसे पोरानं घातलेत, मला फुकटचं नको. दोघेही अशा सुरात की समोरच्यानं घेतली तरी उपकार आणि नाही घेतली तरी अपमान. हे महिनाभर चाललं, माझ्यामार्फत. शेवटी आत्यानं मला फोन केला. "माझ्या नावावर करा. मी कुणाशी भांडले नाही, आणि वाटणीत मला कुणी विचारलंही नव्हतं." कायद्यानं तिचाही तेवढाच हक्क. दोघांनी दुसऱ्या दिवशी सह्या दिल्या.

रजिस्ट्रेशन नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही आणि तपासणीसाठी ती आरटीओसमोर उभी करावी लागते, म्हणून फ्लॅटबेडवर चढवून नेली. १५ वर्षांपुढच्या खासगी गाडीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५ हजार होती, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १० हजार झाली. आमचं काम त्याच्या आधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. उशिराचे दर महिन्याला ५०० आणि पर्यावरण कर वेगळा. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के आलं. इतक्या जुन्या गाडीला ३ पर्यंत चालतं. इन्स्पेक्टरांनी हॉर्न वाजवला, दिवे पाहिले, चासी नंबर पेन्सिलीनं उतरवून घेतला आणि ब्रेक लावून पाहिला. गाडी सरळ रेषेत थांबली. माझ्यासाठी परीक्षा तिथेच संपली होती.

एकूण खर्च १ लाख ६८ हजार, पुण्या-कराडचं पेट्रोल सोडून. एक्सेल शीट आहे, पण बाबांना दाखवलेली नाही.

गाडी कराडलाच असते. महिन्यातून दोनदा काका ती ओगलेवाडीपर्यंत फिरवून आणतात, आणि फिरवून आणल्यावर बाबांना फोन करून टेंपरेचरचा काटा कुठपर्यंत गेला ते सांगतात. एवढंच सांगतात. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, ते अजून सापडलेलं नाही. वायपर एकच चालतो, सुदैवानं ड्रायव्हरच्या बाजूचा. आत्याचा दर रविवारी सकाळी मला फोन येतो. आधी जेवलास का विचारत नाही हल्ली. विचारते, "माझी गाडी कशी आहे?"